जुन्या पोकलेनची ऑइल प्रेशर बत्ती

पोकलेनच्या डॅशबोर्डवर तेलाच्या बुधलीसारखं लाल चिन्ह असतं, चोचीतून थेंब पडणारं, ती इंजिन ऑइल प्रेशरची बत्ती. (पोक्लेन ही मुळात फ्रान्सची कंपनी, पण आपल्या इंदूरात कुठल्याही कंपनीची एक्सकॅव्हेटर पोकलेनच, जसा कुठलाही बॅकहो लोडर जेसीबी.) बत्ती पेटली याचा अर्थ एवढाच की इंजिनच्या ऑइल गॅलरीत, म्हणजे ऑइल फिरवणाऱ्या आतल्या वाटांत, प्रेशर कमी आहे, किंवा कमी नाहीये पण स्विच तसं सांगतोय. यातलं कुठलं ते ठरवायच्या आधीच लोक इंजिन खोलतात आणि मग खर्च होतो. हायड्रॉलिकच्या प्रेशरशी या बत्तीचा काही संबंध नाही, ते ३०० बारच्या वर असतं, इंजिन ऑइलचं सगळं मिळून तीन-पाच बार, तरी बूम (मशीनचा मोठा हात) हळू उठतो म्हणून या बत्तीला दोष देणारे भेटतात.

जुन्या मशीनला बहुतेक एका वायरचा साधा स्विच असतो. प्रेशर नसेल तर तो वायर बॉडीला जोडून देतो आणि बत्ती पेटते, इंजिन चालू होऊन प्रेशर आलं की सर्किट तुटतं, बत्ती विझते. म्हणून सेकंडहँड मशीन बघायला गेलात की पहिलं काम, चावी फिरवायची पण सेल्फ मारायचा नाही, बत्ती पेटलीच पाहिजे. मॉनिटरवाल्या मशीनला चावी लावली की सगळ्या बत्त्या दोन-तीन सेकंद पेटून विझतात, त्यात ही होती का ते बघायचं. नसेल तर बल्ब उडालाय किंवा कुणीतरी वायर काढून ठेवलीय, आणि माझ्या मते सतत पेटणाऱ्या बत्तीपेक्षा कधीच न पेटणारी बत्ती जास्त वाईट. उलटं पण होतं, वायर घासून बॉडीला लागली की बत्ती कायम लाल. ते तपासायला स्विचवरची वायर काढून बाजूला धरायची, तरी बत्ती पेटलेलीच असेल तर गडबड वायरिंगमधे, विझली तर स्विच खराब किंवा प्रेशर खरंच कमी. मात्र चावी चालू पण इंजिन बंद ठेवूनच हे करायचं.

पुढचा निकाल फक्त मेकॅनिकल गेज देतो. स्विच खोलून त्याच जागी ० ते १० बारचा गेज बसवायचा, आटे जुळणारा अडॅप्टर लागतो, सियागंजात हार्डवेअरच्या दुकानांत जुना स्विच दाखवून शोधता येतो. आपले मिस्त्री बार म्हणत नाहीत, किलो म्हणतात, "दोन किलो प्रेशर आहे", म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला दोन किलो, बार आणि किलोत फरक नगण्य. रीडिंग गरम इंजिनवरच घ्यायचं. थंड ऑइल जाड असतं त्यामुळे झिजलेलं इंजिनसुद्धा सकाळी सात वाजता झकास प्रेशर दाखवतं, विकणारा सकाळीच बोलावतो ते उगाच नाही. तास-दोन तास बकेट चालवून घ्या, ब्रेकर (दगड फोडायचा हातोडा) लावलेला असेल तर तो मारून बघा, मे महिन्यात ४० डिग्रीच्या वर ऊन आणि माळव्याच्या काळ्या मातीच्या धुळीनं रेडिएटर चोंदलेला, तेव्हा खरी परीक्षा होते. साधारण अंदाज असा की गरम इंजिन आयडलला एक किलोच्या आसपास आणि फुल रेसला तीन ते पाच, पण नेमका आकडा त्या इंजिनच्या मॅन्युअलचाच धरायचा.

पंप फक्त ऑइल ढकलतो, प्रेशर तयार होतं ते बेअरिंगच्या बारीक फटीतून ऑइल अडत अडत निघतं म्हणून, फट वाढली की प्रेशर गेलं. त्यामुळे थंडीत ठीक, गरम झाल्यावर आयडलला बत्ती लुकलुकते आणि रेस दिली की विझते, असं असेल तर क्रँकच्या मेन किंवा बिग एंड बेअरिंगचे शेल (आतल्या पातळ वाट्या) झिजलेत, नाहीतर ऑइल पातळ झालंय. आधी डिपस्टिक बघा. न भरता लेव्हल वाढलेली आणि डिझेलचा वास, म्हणजे इंजेक्टर किंवा डिझेल पंपाच्या सीलमधून डिझेल उतरतंय. दुधाच्या चहासारखा रंग असेल तर पाणी, ऑइल कूलर बघायचा. थंड-गरम दोन्ही वेळा प्रेशर नाही तर ऑइल पंप किंवा उघडा अडकलेला रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचं प्रेशर सोडून देणारा). आयडलला बरं पण रेस वाढवली की पडतं, तेव्हा चेंबरमधली (इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्यातली) जाळी गाळानं बुजलीय असा संशय घ्यायचा. आणि महूच्या पुढे विंध्याच्या उतारावर तिरकं काम करतानाच बत्ती येत असेल तर बऱ्याचदा फक्त लेव्हल कमी असते, ऑइल एका बाजूला जातं आणि जाळी उघडी पडते.

देवास नाक्याकडच्या गॅरेजांत किंवा कुठेही, जाड ऑइल भरून झीज लपवणं ही जुनी युक्ती. १५डब्ल्यू-४० सांगितलेल्या इंजिनात २०डब्ल्यू-५० आणि वर एखादं घट्ट करणारं औषध. शंका आली तर आपल्या पैशानं योग्य ऑइल आणि फिल्टर टाकून गरम करून परत गेज लावायचा, विकणारा नाही म्हणाला तर तेही उत्तरच आहे. काढलेला फिल्टर फेकू नका, कापून कागद पसरवा. चुंबकाला न चिकटणारी चंदेरी चमक म्हणजे शेलचा वरचा थर निघतोय, तांब्याचा रंग दिसला तर खालचा थर लागला, मग क्रँक काढून ग्राइंड करायचा आणि बारीक झालेल्या क्रँकला बसणारे अंडरसाइज शेल.

बत्ती पेटलेली ठेवून "साइटवरून फक्त बाहेर काढतो" म्हणणारा ऑपरेटर प्रत्येकाला माहीत असतो, तेवढ्यात टर्बो आणि शेल दोन्ही जातात, मशीन जागीच बंद करून गेज तिथेच आणायचा. नवीन शेल बसवल्यावर पण घाई नको, आधी शेलवर ऑइल लावायचं, फिल्टर भरून बसवायचा, डिझेल बंद ठेवून दहा-दहा सेकंद सेल्फ मारायचा, मधे सेल्फला दम खाऊ द्यायचा, आणि बत्ती विझली किंवा गेजचा काटा हलला की मगच डिझेल सोडायचं.