जुन्या मोटारीचे हेडलाइट सुधारणे

मोटार जुनी होत जाते तसे तिचे पुढचे दिवे मंदावतात. कारखान्यातून निघताना जेवढा उजेड रस्त्यावर पडत होता तेवढा परत मिळवण्यासाठी मालकाने घरच्या घरी करायच्या कामांची ही नोंद आहे. वायरिंगमधली व्होल्टेजची गळती थांबवणे, पिवळी पडलेली काच घासणे, रिफ्लेक्टर तपासणे, योग्य बल्ब बसवणे आणि शेवटी फोकस लावणे, म्हणजे उजेडाची दिशा नीट करणे, ही ती कामे. ‘जास्त वॉटचा बल्ब टाका’ हा गॅरेजमधला नेहमीचा सल्ला येथे मुद्दाम मागे ठेवला आहे. जुन्या गाडीत उजेड बहुधा बल्बात कमी पडत नाही. बल्बपर्यंत पोचण्याआधी वीज वाया जाते आणि बल्बातून निघाल्यावर प्रकाश.

पुण्यात ही उणीव उशिरा लक्षात येते. कर्वे रस्त्यावर किंवा टिळक रस्त्यावर खांबावरच्या दिव्यांचा एवढा लखलखाट असतो की आपला हेडलाइट लागला आहे की नाही हेही कळत नाही. कात्रजचा जुना बोगदा ओलांडला, दिवे घाट चढून सासवडची वाट धरली किंवा पावसाळ्यात ताम्हिणीतून कोकणात उतरायला लागले की मग खरी स्थिती दिसते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे पुढच्या दिव्यांच्या उजेडात १५५ मीटरवरची माणसे आणि वाहने स्पष्ट ओळखू आली पाहिजेत. ताशी ६० किलोमीटर वेगाला हे अंतर जेमतेम नऊ सेकंदांचे आहे. ओल्या डांबरावर मात्र चांगले दिवेही फिके वाटतात. पाण्याचा थर आरशासारखा वागतो, प्रकाश पुढे परावर्तित होऊन निघून जातो आणि चालकाच्या डोळ्यांकडे थोडाच परत येतो. म्हणून दिव्यांची पारख कोरड्या रात्री करावी.

वायरिंग आणि रिले

सगळ्यात मोठा फरक येथे पडतो, आणि सगळ्यात कमी लक्षही येथेच दिले जाते. गेल्या काही दशकांतल्या बहुसंख्य छोट्या गाड्यांत एच-४ जातीचा हॅलोजन बल्ब असतो. हा बल्ब १९७१ साली युरोपात आला. त्यात दोन फिलामेंट, म्हणजे तापून उजळणाऱ्या तारा, असतात: अप्परसाठी (दूरच्या उजेडासाठी) ६० वॉटची, डिप्परसाठी (खाली वळवलेल्या जवळच्या उजेडासाठी) ५५ वॉटची. १३.२ व्होल्ट मिळाले तर हा बल्ब अप्परला सुमारे १,६५० आणि डिप्परला सुमारे १,००० ल्युमेन प्रकाश देतो. मात्र तेवढे व्होल्ट मिळाले तरच.

फिलामेंटचा प्रकाश व्होल्टेजच्या सरळ प्रमाणात घटत नाही. तो साधारण ३.४ व्या घाताने घटतो. बल्बाच्या टोकाशी १३.२ ऐवजी ११.८ व्होल्ट पोचले तर व्होल्टेज दहा-अकरा टक्केच घटते, पण प्रकाश जवळजवळ एक तृतीयांश जातो. उरलेला उजेड तांबूस दिसतो. संध्याकाळी समोरून येणाऱ्या जुन्या गाडीचे दिवे निखाऱ्यासारखे दिसतात ते यामुळेच.

गळती कशी होते ते पाहण्यासारखे आहे. जुन्या रचनेत दोन्ही दिव्यांचा सगळा करंट बॅटरीतून निघून डॅशबोर्डमागे जातो, लाइटच्या स्विचमधून आणि स्टिअरिंगजवळच्या डिप्पर स्विचमधून फिरून पुन्हा पुढे येतो. अप्परला दोन्ही बल्ब मिळून सुमारे १० अँपिअर ओढतात. एक चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरमागे सुमारे ०.०१७५ ओहम धरला, तर चार मीटरच्या फेऱ्यात नुसत्या तारेतच ०.७ व्होल्ट जातात. वीस वर्षांत काळवंडलेले स्विचचे पॉइंट, सैल कपलर (बल्बाला तारा जोडणारा प्लग) आणि गंजलेली अर्थ (करंट पत्र्यातून बॅटरीकडे परत नेणारी जोडणी) यांची भर पडली की दीड व्होल्ट सहज हरवतो.

मोजमापाला साधा मल्टिमीटर पुरतो. इंजिन चालू, दिवे चालू अशा स्थितीत आधी बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्टेज पाहावे. अल्टरनेटर ठीक असेल तर ते साडेतेरा ते चौदाच्या आसपास येते. मग बल्ब जागेवर आणि पेटता असतानाच कपलरच्या मागून, बल्बाच्या पिनांवर मोजावे. बल्ब काढून रिकाम्या कपलरवर मोजले तर करंट वाहत नसतो, त्यामुळे आकडा पूर्ण दिसतो आणि फसगत होते. दोन आकड्यांत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर काम करण्यासारखे आहे.

पहिला उपाय फुकटचा आहे, तो म्हणजे अर्थ साफ करणे. हेडलाइटची काळी किंवा तपकिरी तार जवळच्या पत्र्याला स्क्रूने जोडलेली असते. बॅटरीची निगेटिव्ह काढून हा स्क्रू सोडवावा, थिंबल (तारेच्या टोकाची धातूची कडी) आणि पत्रा दोन्ही पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासावेत, घट्ट बसवून वरून पेट्रोलियम जेली लावावी. बऱ्याच गाड्यांत एवढ्यावरच डाव्या-उजव्या दिव्यातला फरक जातो.

दुसरा उपाय रिलेचा, म्हणजे थोड्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या विजेच्या स्विचचा. यात जुना स्विच फक्त रिलेच्या कॉइलला इशारा देतो आणि बल्बाचा करंट थेट बॅटरीतून, जाड तारेने, जवळच्या वाटेने जातो. डिप्परला एक आणि अप्परला एक असे दोन रिले लागतात. रिलेवर आकडे छापलेले असतात: ३० वर बॅटरीतून फ्यूजमार्गे आलेली तार, ८७ वरून बल्बाकडे जाणारी, ८५ आणि ८६ ही कॉइलची टोके. तार अडीच चौरस मिलिमीटरची घ्यावी. दीड मीटरच्या वाटेवर १० अँपिअरला तिच्यात जेमतेम ०.१ व्होल्ट जातो. बल्बाकडून पत्र्याकडे जाणारी अर्थही तितकीच जाड हवी. प्रत्येक रिलेला १५ किंवा २० अँपिअरचा स्वतंत्र फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ असलाच पाहिजे. बॉनेटखाली घासून उघडी पडलेली फ्यूजविना तार म्हणजे आगीला आमंत्रण, आणि येथे कोणतीही काटकसर चालत नाही. तयार किट नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत मिळते. त्यात गाडीचा मूळ कपलर तसाच जोडला जातो, त्यामुळे मूळ वायरिंग कापावे लागत नाही. मात्र काही जपानी धाटणीच्या गाड्यांत स्विच पॉझिटिव्हच्या बाजूला नसून अर्थच्या बाजूला असतो. अशा गाडीत साधे किट चालत नाही, कॉइलची जोडणी उलटी घ्यावी लागते. आपली गाडी कोणत्या प्रकारची हे वायरमनकडून आधी तपासून घ्यावे.

काच

काचेचा म्हणून ओळखला जाणारा भाग नव्या धाटणीच्या दिव्यांत पॉलिकार्बोनेटचा असतो. तो दगडाने सहज फुटत नाही, पण उन्हातल्या अतिनील किरणांपुढे टिकत नाही. म्हणून कारखान्यात त्यावर पारदर्शक कडक थर चढवतात. हा थर उन्हाने झिजला, तडकला की खालचे प्लास्टिक पिवळे, धुरकट होते. सोसायटीत झाकलेले पार्किंग नसेल आणि गाडी रोज एकाच तोंडाने उभी राहत असेल तर सूर्याकडचा दिवा आधी पिवळा पडतो.

घासायचे काम तासा-दीड तासाचे आहे. भोवतालच्या रंगावर मास्किंग टेप लावावी आणि वॉटर पेपर सतत ओला ठेवून ८०० किंवा १००० नंबरने सुरुवात करावी. मग १५००, २००० आणि शेवटी ३०००. पहिल्या पेपरला घाई करू नये. पिवळे, दुधाळ पाणी निघणे थांबेपर्यंत आणि सगळा पृष्ठभाग एकसारखा धुरकट दिसेपर्यंत पुढचा नंबर घेऊ नये, नाहीतर जुन्या थराची बेटे राहतात आणि रात्री तीच प्रकाश विखुरतात. शेवटी रबिंग कंपाउंडने बफिंग.

येथे बहुतेक जण थांबतात, आणि चार-सहा महिन्यांत काच पुन्हा पिवळी होते. घासताना उरलासुरला संरक्षक थरही निघून गेलेला असतो, म्हणून अतिनील किरणे रोखणारा पारदर्शक लॅकर मारणे हा कामाचा अर्धा भाग आहे. दोन घटकांचा लॅकर जास्त टिकतो. त्याची वाफ फुप्फुसांना घातक असल्याने तो उघड्यावर, योग्य मास्क लावून मारावा. पावसाळी दमट हवेत तो पांढुरका पडतो, म्हणून पुण्यात डिसेंबर ते मार्च हा काळ उत्तम. टूथपेस्टने घासल्यावर दिसणारी चमक तात्पुरती असते. थिनर, पेट्रोल, ॲसिटोन यांनी पॉलिकार्बोनेटला बारीक भेगा पडतात, त्या पुन्हा जात नाहीत.

ॲम्बेसेडर, पद्मिनी यांच्या गोल दिव्यांची काच खरोखरीची असते. ती घासायची नसते. वाळूच्या माऱ्याने ती खरबरीत झाली असेल तर बदलावी. बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात अशी काच हाती लागली तर तिच्यावरची खूण पाहावी. डाव्या बाजूच्या वाहतुकीसाठी बनलेल्या युरोपीय मान्यतेच्या काचेवर बाण असतो आणि समोरून पाहणाऱ्याला तो उजवीकडे रोखलेला दिसतो. उजव्या बाजूच्या वाहतुकीची काच आपल्या रस्त्यावर समोरच्याच्या डोळ्यांत उजेड फेकते.

आतला रिफ्लेक्टर फडक्याने कधीही पुसू नये. त्यावरचा ॲल्युमिनियमचा थर इतका पातळ असतो की बोटाबरोबर निघून येतो. धूळ हवेने उडवावी. थर काळवंडला किंवा सोलला असेल तर दुसरा दिवा घेणे एवढाच मार्ग उरतो. दिव्यात पाणी धरत असेल तर बल्बामागचे रबर फाटलेले असण्याची शक्यता जास्त.

बल्ब

बल्ब नेहमी जोडीने बदलावेत आणि क्वार्ट्‌झच्या भागाला, म्हणजे बल्बाच्या काचेला, बोट लावू नये. बोटाच्या तेलकटपणाने तेथे काच जास्त तापते. निळसर रंगाचे बल्ब पांढरे दिसतात, पण निळा थर प्रकाशाचा काही भाग अडवतो आणि पावसात त्याचा त्रासच होतो.

१००/९० वॉटचे बल्ब सर्रास विकले जातात. अप्परला ते जवळजवळ १७ अँपिअर ओढतात. जुन्या वायरिंगवर ते लावले की व्होल्टेज आणखी पडते, होल्डर वितळतो आणि रिफ्लेक्टर भाजतो.

एलईडीचा प्रश्न वेगळा आहे. एच-४ मध्ये डिप्परच्या फिलामेंटखाली एक छोटी वाटी असते, तिच्यामुळे प्रकाश रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या अर्ध्यावर पडतो आणि खाली वळतो. फिलामेंटची जागा मिलिमीटरच्या अंशाने हलली तरी ही रचना बिघडते. बाजारातल्या बहुतेक एलईडी बल्बांत प्रकाशाचा उगम त्या जागी आणि त्या आकाराचा नसतो. गाडीपुढचे दहा-पंधरा मीटर झगझगीत दिसतात, चालक खूश होतो, पण दूरचा रस्ता अंधारात राहतो आणि समोरचा दुचाकीस्वार आंधळा होतो. जर्मनीत २०२० पासून तपासलेले काही एलईडी बल्ब ठरावीक मॉडेलांपुरते मान्य झाले आहेत. भारतात मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ असे बदल रोखते, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बेकायदा बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूद आहे. वाहनांचे भाग तपासून मान्यता देणारी एआरएआय ही संस्था पुण्यातच वेताळ टेकडीवर आहे. १९६६ साली स्थापन झालेल्या या संस्थेवरून टेकडीच्या त्या भागाला लोक एआरएआय टेकडी म्हणतात.

फोकस

बाकी सगळे करून फोकस लावला नाही तर केलेले काम दुसऱ्याच्या डोळ्यांत जाते. केंद्रीय नियम १०६ प्रमाणे दिव्यापासून ८ मीटर पुढे, उजवीकडे अर्धा मीटर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला प्रकाशाने दिपता कामा नये. म्हणून घरीही भिंत ८ मीटरवर घेणे सोयीचे. उतार नसलेली जागा पुण्यात शोधावी लागते. सोसायटीचे तळघरातले पार्किंग सहसा सपाट असते.

टायरमध्ये योग्य हवा, टाकी निम्मी भरलेली, चालकाच्या जागी कोणीतरी बसलेले, आत उजेडाची उंची बदलायचे चक्र असेल तर ते शून्यावर. गाडी भिंतीला चिकटवून दोन्ही दिव्यांच्या मध्यांच्या खुणा खडूने कराव्यात, मग सरळ मागे ८ मीटर घ्यावी. डिप्परच्या उजेडाची वरची कड खुणेच्या ८ सेंटिमीटर खाली यावी, म्हणजे एक टक्का उतार. उजवीकडे ती आडवी आणि डावीकडे सुमारे १५ अंशांनी चढती दिसते; ही चढण पदपथ आणि पाट्या दाखवण्यासाठी आहे. एक दिवा झाकून दुसरा, असे एकेक लावावे. दिव्यामागे दोन स्क्रू असतात, एक उंचीचा आणि एक आडव्या दिशेचा.

डिकीत सामान आणि मागे तीन माणसे बसली की गाडीचे नाक वर होते आणि हीच कड वर सरकते. ज्या गाडीत चक्र आहे त्यात ते अशा वेळी खाली घ्यावे. नसेल त्या गाडीत प्रवासाआधी स्क्रूने उजेड उतरवावा आणि परत आल्यावर खडूच्या खुणेवर आणावा.