कार्डापर्यंत ३.३ व्होल्ट पोचतात का?

ईएसपी३२ किंवा पिकोसारख्या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डाला एसडी कार्ड जोडायचं म्हटलं की वाटतं त्यात काय एवढं, बोर्ड ३.३ व्होल्टचा, कार्ड पण ३.३ चं, सहा वायरी लावल्या की झालं. बऱ्याचदा होतंही. पण नाही झालं तर माणूस लायब्ररी बदलतो, कार्ड चारदा फॉरमॅट करतो, सीएसची (कार्डाला ‘आता तुझी पाळी’ सांगणारी) पिन बदलून बघतो आणि रात्रीचे दोन वाजतात. माझे वाजलेत. कोड बरोबरच होता, घोळ ॲडॉप्टरवरच्या, म्हणजे कार्ड ज्यात खोचतो त्या छोट्या पट्टीवरच्या, एका काळ्या तुकड्यात होता.

एसडी कार्डाला २.७ ते ३.६ व्होल्ट लागतात. बाजारात मिळणारे बरेचसे ॲडॉप्टर मात्र उनोसारख्या ५ व्होल्टच्या बोर्डासाठी बनवलेले असतात, म्हणून त्यांच्यावर एएमएस१११७ नावाचा रेग्युलेटर असतो जो ५ चे ३.३ करतो, आणि शेजारी एक बफर चिप असते जी सिग्नलचं व्होल्टेजही ५ वरून ३.३ वर आणते. आता गंमत बघा, हा रेग्युलेटर स्वतःच साधारण एक व्होल्ट खातो. आपण भोळेपणाने बोर्डाची ३.३ ची पिन ॲडॉप्टरच्या व्हीसीसीला, म्हणजे पॉवरच्या पिनला जोडतो, आणि पलीकडे कार्डाला मिळतात २.२-२.३. एवढ्यावर कार्ड धड मरतही नाही, कधीतरी ओळख देतं, फाइलची नावंही दाखवतं आणि लिहायला लावलं की गप्प. हेच जास्त छळतं.

त्यामुळे कोड उघडण्याआधी मल्टिमीटर काढा. काळा प्रोब जीएनडीला (ग्राउंडला), लाल प्रोब रेग्युलेटरच्या रुंद पत्र्यावर, तो पत्रा म्हणजेच त्याचं आउटपुट. किंवा थेट सॉकेटच्या ४ नंबरच्या पिनवर, मोठं एसडी असो की मायक्रोएसडी, पॉवर चारवरच येते. तिथे ३.३ च्या आसपास दिसलं पाहिजे. प्रोब घसरून शेजारच्या पिनला टेकला तर शॉर्ट होईल, तेवढं जपून.

कमी दिसलं तर दोन रस्ते आहेत. एक, ॲडॉप्टरच्या व्हीसीसीला बोर्डावरची यूएसबीची ५ व्होल्टची पिन द्या, रेग्युलेटर मग त्याचं काम नीट करतो. पण मिसोची, म्हणजे कार्डाकडून बोर्डाकडे डेटा आणणारी वायर बोर्डाला लावायच्या आधी तिच्यावर किती व्होल्ट येतात ते मोजा, कारण काही ॲडॉप्टरवर पुल-अप रेझिस्टर (लाइन मोकळी असताना तिला वर ओढून धरणारे) ५ व्होल्टला बांधलेले असू शकतात आणि ईएसपी३२ किंवा पिकोच्या पिना ५ व्होल्ट घ्यायला बनवलेल्या नाहीत. ३.३ च्या वर काही दिसलं तर तो ॲडॉप्टर बाजूला ठेवा. दुसरा रस्ता मला जास्त आवडतो, रेग्युलेटर-बफर काही नसलेला साधा ॲडॉप्टर वापरायचा. मायक्रोएसडीबरोबर जे मोठ्या कार्डाच्या आकाराचं कव्हर येतं ना, त्याच्या आत नुसत्या तारा असतात, त्यालाच पिना सोल्डर केल्या तरी चालतं. मात्र त्यावर चुकूनही ५ व्होल्ट द्यायचे नाहीत, तिथे वाचवायला मध्ये कोणीच नाही, कार्ड जाणार.

साध्या ॲडॉप्टरवर थोडी मेहनत आपल्याला करावी लागते. कार्ड नुसतं बसलेलं असताना फार करंट घेत नाही पण लिहिताना १०० मिलिअँपपर्यंत झटका मारू शकतं आणि लांबलचक जंपर वायरी असतील तर त्या क्षणी व्होल्टेज खाली बसतं, ईएसपी३२ तर कधीकधी रीसेटच होतो. म्हणून कार्डाच्या पॉवर आणि ग्राउंड पिनांच्या अगदी जवळ एक १० मायक्रोफॅरड आणि एक ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. साधा मीटर हा झटका पकडत नाही, आकडा ३.३ च दाखवत राहतो, म्हणून कपॅसिटर न विचारता लावलेला बरा. सीएस आणि मिसोला १० किलोओमचे पुल-अप, ३.३ ला. सुरुवातीला घड्याळ, म्हणजे डेटा पाठवायचा वेग, ४०० किलोहर्ट्झ किंवा त्याहून कमी, लायब्ररी ते बहुधा करतेच, पुढे वाढवताना ४ मेगाहर्ट्झवर थांबून बघा, वायरी लांब असतील तर तेवढंच पुरे.

बफरवाल्या ॲडॉप्टरची अजून एक खोड म्हणजे काहींमध्ये कार्डाची पाळी नसतानाही बफर मिसोची लाइन सोडत नाही, त्यामुळे त्याच एसपीआयवर, म्हणजे कार्ड ज्या सामायिक डेटा लाइनींवर बोलतं त्यांवर, दुसरा सेन्सर असेल तर दोघांची भांडणं. सेन्सर बिघडला असं वाटतं, बिघडलेला नसतो.

आणि ईएसपी३२ वाल्यांनी मिसोसाठी जीपीआयओ १२ (१२ नंबरची पिन) घेऊ नका, १९ घ्या. चालू होताना तो १२ नंबरची पिन वाचतो आणि आपल्या फ्लॅश चिपला (जिच्यात प्रोग्रॅम साठवलेला असतो) किती व्होल्ट द्यायचे ते ठरवतो, तिथे तुमचा पुल-अप बसलेला असेल तर त्याला वाटतं फ्लॅश १.८ व्होल्टची आहे. मग ३.३ च्या फ्लॅशला १.८ मिळतात आणि बोर्ड सुरूच होत नाही, ॲडॉप्टरची वायर उपसली की लगेच सुरू होतो.