टेनिस एल्बो : न आलेल्या सुजेची गोष्ट

वडोदऱ्यात कोपराच्या बाहेरच्या बाजूचं हे दुखणं टेनिसच्या रॅकेटपेक्षा पोळपाट-लाटणं, शिलाई मशीन आणि आखाड्यातले मुद्गल यांच्यामुळेच जास्त येतं. दांडिया बाजाराच्या बाजूला आजही कुणी ‘नस चढली’ म्हणून मालीश करून घेतं, लेप लावतं. नावात टेनिस शिरलं ते उशिरा. १८७३ साली एका जर्मन डॉक्टरानं त्याचं वर्णन केलं ते लिहिणाऱ्यांचं दुखणं म्हणून. लॉन टेनिसचं पेटंटच मुळी त्याच्या पुढच्या वर्षीचं. दहा वर्षांनी इंग्लंडात खेळाडूंची कोपरं दुखू लागली आणि नाव चिकटलं. आपल्या घराघरांत ते पोचलं २००४ मध्ये, देशाच्या लाडक्या फलंदाजाच्या डाव्या कोपरामुळे.

खरा घोळ दुसऱ्या शब्दाचा आहे. वैद्यकीय नाव ‘एपिकाँडिलायटिस’. त्यातलं ‘आयटिस’ म्हणजे दाह, सूज. दाह म्हटला की तो शमवायचं औषध आलंच. १९५० च्या दशकात स्टिरॉइडची इंजेक्शनं मिळू लागली आणि कोपराच्या बाहेरच्या हाडाजवळ ती सर्रास टोचली जाऊ लागली. १९७९ साली शस्त्रक्रियेत काढलेले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तर दाहाच्या पेशी जवळपास नव्हत्याच. होते ते विस्कटलेले तंतू आणि अर्धवट वाढलेल्या रक्तवाहिन्या. मनगट मागे उचलणाऱ्या स्नायूची कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट दोर) पुन्हा पुन्हा ताणली गेली होती आणि तिची डागडुजी अर्ध्यावरच राहिली होती. सूज नव्हतीच, तरी ‘दाह’ कागदावर तसाच राहिला, आणि सुईही.

त्या हट्टाची किंमत २००६ मध्ये आकड्यांत दिसली. ऑस्ट्रेलियात १९८ रुग्णांचे तीन गट केले : इंजेक्शन, फिजिओथेरपी आणि नुसती वाट पाहणं. सहा आठवड्यांनी इंजेक्शनवाले सगळ्यांत पुढे होते. मग त्यातल्या बहुतेकांचं दुखणं उलटलं, आणि वर्षाअखेरीस ते वाट पाहणाऱ्यांच्याही मागे पडले. महिनाभराचा आराम म्हणजे बरं होणं, असं रुग्णाला वाटतं. त्याला आधी हे सांगायलाच हवं.

ओळख सोपी आहे. तळवा खाली ठेवून, कोपर सरळ करून भरली तपेली उचलायला सांगा : बाहेरच्या हाडाजवळ कळ येते. तळवा वर केला की तेच वजन बरंचसं सुसह्य होतं. कळ आतल्या बाजूला असेल तर दुखणं वेगळ्या कंडरेचं. त्याला गोल्फर्स एल्बो म्हणतात. बोटांना मुंग्या येत असतील किंवा मान वळवल्यावर दुखत असेल तर मात्र शोध मानेतल्या नसेपर्यंत न्यावा लागतो.

आता भर असतो तो कंडरेला हळूहळू भार सोसायला शिकवण्यावर. हात टेबलावर, मनगट कडेबाहेर, मुठीत अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली. दुसऱ्या हातानं मनगट वर न्यायचं आणि दुखऱ्या हातानं सावकाश खाली सोडायचं. थोडी कळ चालते, दुसऱ्या दिवशी वाढलेली चालत नाही. कणीक तिंबणं आणि कपडे पिळणं तेवढे आठवडे दुसऱ्या कुणीतरी करायचं.