बारावा सिनेट जिल्हा, फिलिपीन्स

अमेरिकी अमलाखालील फिलिपीन्समधील एक माजी प्रतिनिधित्व-विभाग (१९१६–३५). लूझॉन बेटाच्या उत्तरेचे माउंटन प्रॉव्हिन्स, बागियो शहर व नुएवा विझकाया प्रांत आणि देशाच्या दक्षिण टोकाकडील मिंदानाव व सुलू विभाग यांचा मिळून तो बनला होता. मराठीत अशा विभागास मतदारसंघ म्हणण्याची रीत आहे. येथे ती लागू पडत नाही, कारण या जिल्ह्यात सिनेटरपदासाठी कधीच मतदान झाले नाही.

२९ ऑगस्ट १९१६ रोजी संमत झालेल्या जोन्स कायद्याने (अमेरिकी काँग्रेसचा कायदा) फिलिपीन्सला द्विगृही विधिमंडळ दिले. सिनेटसाठी देशाचे बारा जिल्हे पाडून प्रत्येकास दोन जागा देण्यात आल्या. अकरा जिल्ह्यांतील सदस्य निवडून येत. बाराव्याचे दोन सदस्य गव्हर्नर-जनरल नेमत असे. या नेमणुकीस सिनेटची संमती लागत नसे आणि नेमलेली व्यक्ती त्या प्रदेशातील रहिवासी असण्याचीही अट नव्हती. निवडून आलेल्या सिनेटरांची मुदत सामान्यतः सहा वर्षांची होती, तर नियुक्त सदस्य गव्हर्नर-जनरलने दूर करीपर्यंत पदावर राहत. त्यामुळे त्यांचे कार्यकाल विधिमंडळाच्या मुदतींनुसार मोजणे फसवे ठरते. याच प्रदेशातून कनिष्ठ सभागृहातही नऊ सदस्य नेमले जात. तेथील एकूण सदस्यसंख्या ९० होती.

हा प्रदेश निवडणुकीतून का वगळला, याविषयी दोन प्रकारची मते आढळतात. ‘ख्रिस्तेतर जमाती’ स्वराज्यास अपात्र आहेत या वसाहतवादी धारणेवर काही अभ्यासक भर देतात. तत्कालीन अधिकाऱ्यांची भाषा या मताला पुष्टी देते. तथापि सीमा नेमक्या तेथेच का आखल्या, हे त्यावरून पुरेसे उलगडत नाही. ख्रिस्तेतर वस्ती असलेले मिंदोरो व पालावान अनुक्रमे पाचव्या व आठव्या जिल्ह्यात होते, तर मिंदानाव बेटावरीलच सुरिगाओ व मिसामिस हे प्रांत अकराव्यात. दुसरे मत प्रशासकीय इतिहासावर आधारलेले असून ते अधिक ग्राह्य वाटते. १९०२ च्या कायद्याने मोरो (दक्षिणेकडील मुस्लिम) व इतर ख्रिस्तेतर जमातींच्या प्रदेशाबाबत कायदे करण्याचा अधिकार केवळ अमेरिकेने नेमलेल्या फिलिपीन आयोगाकडे ठेवला होता. १९०७ साली अस्तित्वात आलेल्या असेंब्लीस (निर्वाचित सभागृहास) त्यात वाटा नव्हता. १९१६ मध्ये आयोगाची वैधानिक सत्ता संपल्यावर हा प्रदेश नव्या विधिमंडळाखाली आला आणि त्याला काहीतरी प्रतिनिधित्व देणे भाग पडले. जोन्स कायद्याची शब्दरचनाही ‘असेंब्लीत सध्या प्रतिनिधित्व नसलेला प्रदेश’ अशी आहे. तीत धर्माचा वा जमातीचा उल्लेख नाही. ‘ख्रिस्तेतर’ या संज्ञेचा अर्थ पुढे सर्वोच्च न्यायालयाने रूबी विरुद्ध मिंदोरो प्रांतिक मंडळ (१९१९) या खटल्यात लावला. न्यायमूर्ती माल्कम यांच्या मते ती धर्मवाचक नसून संस्कृतीची पायरी दर्शविते. आज हा अर्थ मूळ संज्ञेपेक्षाही अधिक खटकतो.

पहिले सदस्य हाजी बुतू अब्दुल बाकी व होआकिन लूना हे होत; गव्हर्नर-जनरल फ्रान्सिस हॅरिसनने त्यांना नेमले. हाजी बुतू हे सुलूच्या सुलतानाचे वजीर व पहिले मुस्लिम सिनेटर. लूना हे चित्रकार हुआन लूना व सेनानी आंतोनियो लूना यांचे बंधू. पुढे तागालोग व्याकरणकार लोपे के. सांतोस, तेओपिस्तो गिंगोना, क्रांतिकाळातील सेनानी होसे आलेहांद्रिनो आदींनी या जागा भूषविल्या. १९१५ च्या करारान्वये ऐहिक सत्ता सोडलेले सुलतान जमालुल किराम दुसरे हे स्वतः १९३१ मध्ये सिनेटर झाले.

जिल्ह्याचे घटनात्मक स्वरूप स्पष्ट झाले ते आलेहांद्रिनो विरुद्ध केसोन (१९२४) या खटल्यात. आलेहांद्रिनो यांच्या नेमणूकपत्राविषयीच्या चर्चेत सहाव्या जिल्ह्याचे सिनेटर व्हिसेंते दे व्हेरा यांनी काढलेल्या उद्गारांवरून आलेहांद्रिनो यांनी त्यांच्यावर हात टाकला. ५ फेब्रुवारी १९२४ रोजी सिनेटने त्यांना एक वर्षासाठी निलंबित केले आणि त्यांचे वेतन व विशेषाधिकार काढून घेतले. मुद्दा वरवर शिस्तीचा होता. मात्र जोन्स कायद्याने दोन-तृतीयांश मतांनी हकालपट्टी करण्याचा अधिकार दिला होता तो केवळ ‘निर्वाचित’ सदस्याबाबत. नियुक्त सदस्यास दूर करण्याची सत्ता गव्हर्नर-जनरलची, आणि त्या पदावर तेव्हा लेनर्ड वुड होते. सिनेटचे अध्यक्ष मान्वेल केसोन यांच्याशी त्यांचा संघर्ष ऐन भरात होता. माल्कम यांनी लिहिलेल्या निकालात म्हटले आहे की, निलंबनाने व्यक्तीला शासन होतेच, पण जिल्हाही प्रतिनिधीवाचून राहतो आणि हकालपट्टीनंतर जशी जागा भरता येते तशी येथे भरता येत नाही. ठराव असा सदोष ठरवूनही, विधिमंडळाला आज्ञा देण्याचा अधिकार आपल्याला नाही म्हणून न्यायालयाने आलेहांद्रिनो यांचा अर्ज फेटाळला. न्यायमूर्तींमध्ये एकवाक्यता नव्हती. पुढे ओस्मेन्या विरुद्ध पेंदातून (१९६०) या खटल्यात हा दाखला जोन्स कायद्याच्या मर्यादित सत्तेपुरताच लागू असल्याचे सांगून बाजूस ठेवण्यात आला.

मिंदानाव व सुलू विभाग १९२० मध्ये मोडला गेला, तरी सिनेट जिल्हा कायम राहिला. १९३५ च्या संविधानाने एकगृही राष्ट्रीय सभा आणल्यावर सर्वच सिनेट जिल्हे रद्द झाले. १९४० च्या दुरुस्तीने सिनेट पुन्हा स्थापन झाली. तिचे २४ सदस्य मात्र संपूर्ण देशातून एकत्रित निवडले जाऊ लागले.