जागा आधी पावलांना कळते

१९६३ साली रिचर्ड हेल्ड आणि ॲलन हाइन यांनी मांजराच्या पिल्लांवर एक प्रयोग केला. अंधारात वाढवलेली दोन पिल्लं रोज थोडा वेळ उजेडात आणून एका दांडीच्या दोन टोकांना जोडली जात. एक स्वतःच्या पायांनी गोल फिरे, दुसरं परडीत बसून तेवढंच फिरवलं जाई. दोघांच्या डोळ्यांपुढून सारख्याच उभ्या पट्ट्या सरकत. नंतर त्यांना एका बाजूला खोल आणि दुसऱ्या बाजूला उथळ दिसणाऱ्या जागेच्या मधोमध ठेवलं. चालणाऱ्या पिल्लाला खोलगटपणा ओळखता आला, तो टाळून ते उथळ बाजूला उतरलं. परडीतल्याला हे जमेना. मोकळं सोडल्यावर, स्वतः हिंडल्यावर मात्र तेही शिकलं.

वास्तुकलेच्या वर्गात मला ही परडी फार आठवते. पडद्यावर इमारतीतून फेरफटका मारणाऱ्या विद्यार्थ्याचे डोळे फिरतात, पाय जागीच असतात. कानाच्या आत एकमेकींशी काटकोनात असलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोक्याचं वळणं टिपतात, स्नायू आणि सांधे शरीराची ठेवण कळवतात. जागेची जाण या सगळ्यांतून घडते, म्हणून वास्तुकलेच्या अभ्यासात नृत्याचा तास चैनीचा नाही.

रुडॉल्फ लाबान हे पॅरिसमध्ये वास्तुकला शिकले आणि पुढे नृत्याकडे वळले. पाऊल न उचलता हातपाय जिथवर पोचतात, तेवढ्या अवकाशाचा त्यांनी एक गोल कल्पिला. त्यात वीस त्रिकोणी पृष्ठांची आकृती बसवून तिच्या बारा कोपऱ्यांकडे हालचाली नेल्या. हा गोल आपण सोबत घेऊनच दारातून जातो. जमिनीवर चिकटपट्टीने ९० सेंटिमीटर रुंदीची वाट आखा आणि दोघांना समोरासमोरून चालू द्या. खांदे आपोआप तिरके होतात. मग तेच लय बदलून, मागे चालत, हात पसरून करा. कागदावरचा आकडा अंगात उतरतो.

१९६६ मध्ये नर्तकी ॲना हाल्प्रिन आणि त्यांचे पती, भूदृश्यरचनाकार लॉरेन्स हाल्प्रिन यांनी कॅलिफोर्नियात नर्तक आणि वास्तुरचनाकारांना एकत्र आणलं. डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांना चालवलं. अशा वेळी चढ घोट्याला कळतो, भिंत जवळ आल्याचं पावलांच्या बदललेल्या आवाजावरून समजतं, उघडं अंगण गालावरच्या वाऱ्यावरून.

पट्टी सोडल्यावर लगेच बोलू नये, असं मला वाटतं. आधी चाललेल्या वाटेचा नकाशा काढावा. जिथे पाऊल अडखळलं, तिथे रेघही बहुधा थबकते.