मांजर आणि तान्हं बाळ: एका धास्तीची पार्श्वभूमी

"बाळ येणार, आता मांजराचं काय करायचं?" हा प्रश्न बहुतेक घरांत बाळ यायच्या आधीच, पाचव्या-सहाव्या महिन्यात निघतो, आणि गोंधळाला तिथूनच सुरुवात होते. गरोदर बाईला मांजरामुळे असलेला धोका वेगळा आणि पाळण्यातल्या बाळाला असलेला धोका वेगळा. दोन्हींची कारणं वेगळी, काळ वेगळा, उपाय तर फारच वेगळे. मांजर आपली पिल्लं सात घरी फिरवतं म्हणतात. ही धास्तीही तशीच फिरत आली आहे. आधी ती बाळाच्या श्वासापाशी होती, तिथून आईच्या पोटाशी गेली, पुढे बाळाच्या फुप्फुसांत शिरली, आणि जुनं घर तिने कधीच पुरतं सोडलं नाही.

श्वासाची गोष्ट सगळ्यांत जुनी. माणूस आणि मांजर यांचा शेजार निदान साडेनऊ हजार वर्षांचा आहे. सायप्रस बेटावर माणसाजवळ पुरलेल्या मांजराचा सांगाडा तेवढा जुना निघाला. साठवलेल्या धान्यावर उंदीर आले, उंदरांमागून मांजर आलं आणि ऊब मिळाली तिथे राहिलं. झोपलेल्या मुलाचा श्वास मांजर ओढून घेतं, हा समज इंग्लंडात अठराव्या शतकात इतका मुरलेला होता की जानेवारी 1791 मध्ये प्लिमथजवळ एक मूल मृत सापडलं, तेव्हा मृत्यूच्या अधिकृत चौकशीत कारण म्हणून तेच नोंदवलं गेलं. हा दाखला आजही दिला जातो, पण त्यातला एक तपशील सहसा गाळला जातो: ते मूल अठरा महिन्यांचं होतं. दीड वर्षाचं मूल तोंडावर बसलेलं मांजर ढकलू शकतं, उठून बसू शकतं, रडून घर डोक्यावर घेऊ शकतं. महिन्याभराच्या बाळाला यातलं फक्त रडणं जमतं, आणि तेही नाक-तोंड मोकळं असेल तर.

झोपेत दगावलेल्या बाळांच्या बाबतीत पुढेही बराच काळ आईच्या कुशीपासून मांजरापर्यंत सगळ्यांवर संशय घेतला जाई. 1969 मध्ये अमेरिकेतल्या एका परिषदेत या आकस्मिक मृत्यूंची व्याख्या ठरली. 1990च्या दशकात 'बाळाला पालथं नको, उताणं झोपवा' अशा मोहिमा निघाल्या आणि काही वर्षांतच कित्येक देशांत हे मृत्यू निम्म्यावर, कुठे त्याच्याही खाली आले. मांजरांबद्दल या मोहिमांनी काहीच बदललं नव्हतं. मोठं कारण कुठे होतं, ते यातून पुरेसं कळतं.

पण म्हणून जुना समज अगदीच निराधार म्हणून झटकता येत नाही. मांजर बाळाला गुदमरवू शकतं का, असा थेट प्रश्न करणारी एक छोटी नोंद 1982 मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात आली. अशा नोंदी फार थोड्या आहेत, पण त्यांमागचा हिशेब कुणालाही पटेल असा आहे. जन्मतः बाळाचं वजन साधारण तीन किलो, वाढलेल्या मांजराचं चार ते पाच. बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेतं आणि मानेत जोर नसल्यामुळे तोंड सहज बाजूला करू शकत नाही. मांजराला दुधाचा वास लागतो म्हणून ते तोंडाशी जातं, असं म्हणतात. खरं तर त्याला ऊब पुरते. रिकामा पाळणा आठवडाभर आधी मांडून ठेवा, मांजर त्याच्या कोपऱ्यात वेटोळं करून निजलेलं दिसेल. त्याच्या लेखी ती जागा त्याचीच झालेली असते. बाळ मागून येतं.

यावर मधल्या काळात जो उपाय खपला तो आगीतून फुफाट्यात नेणारा होता. पाळण्यावर ताणायचे जाळीचे तंबू निघाले: मांजर आत येणार नाही आणि रांगतं मूल बाहेर पडणार नाही. मांजराला मात्र ताणलेली जाळी म्हणजे झोपायची झोळीच वाटते. शिवाय जाळीत मूल अडकण्याचे प्रकार घडले आणि 2010 मध्ये अमेरिकेत असे तंबू बाजारातून परत मागवावे लागले. खोलीचं दार लावून घेणं हा उपाय त्याआधीही होता, पण त्यात विकण्यासारखं काही नव्हतं.

आता पोटाशी गेलेली धास्ती. तिचं मूळ असलेला, गर्भाला बाधू शकणारा टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी 1908 मध्ये जवळजवळ एकाच वेळी दोन ठिकाणी सापडला, ट्युनिसमध्ये उंदराच्या जातकुळीतल्या एका रानटी प्राण्यात आणि साओ पाउलोमध्ये सशात. मांजराचं नाव तेव्हा कुठेही नव्हतं. 1939 मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका दगावलेल्या अर्भकाच्या मेंदूत तो सापडला आणि आईकडून गर्भाला ही लागण होते हे सिद्ध झालं. 1948 मध्ये रक्ताची चाचणी आली, तेव्हा आणखीच चक्रावून टाकणारं काही हाती आलं: धडधाकट दिसणाऱ्या असंख्य माणसांना ही लागण कधीतरी होऊन गेलेली होती आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही नव्हता. एवढ्या माणसांना ती होते तरी कुठून?

पहिलं उत्तर मांसाकडे बोट दाखवणारं होतं. पॅरिसजवळच्या क्षयरोगाच्या एका आरोग्यधामात मुलांना अर्धकच्चं मांस देण्याची पद्धत होती. तिथल्या मुलांची पाहणी 1965 मध्ये प्रसिद्ध झाली. वर्षाला सुमारे 10 टक्के मुलांना लागण होत होती. आहारात जेमतेम शिजवलेलं गोमांस किंवा घोड्याचं मांस वाढवल्यावर हे प्रमाण 50 टक्क्यांवर गेलं आणि जेमतेम शिजवलेल्या कोकराच्या मांसाने 100 टक्क्यांवर. आज असा प्रयोग कुठलीही नीतिसमिती क्षणभरही उभा करणार नाही. पण मांस न खाणाऱ्यांनाही लागण होत होती, म्हणजे दुसरी वाट असणारच. त्याच 1965 मध्ये ग्लासगोतून वृत्त आलं की मांजराच्या विष्ठेतून लागण होते. सुरुवातीला वाटलं की मांजराच्या पोटातल्या जंतांच्या अंड्यांतून परजीवी बाहेर येत असेल. तो अंदाज चुकला. 1970 च्या सुमारास निरनिराळ्या प्रयोगशाळांतून खरं चित्र उभं राहिलं: परजीवीचं लैंगिक चक्र फक्त मांजरकुळातल्या प्राण्यांच्या आतड्यात पुरं होतं आणि तिथून त्याची कवचबंद, अंड्यासारखी अवस्था बाहेर पडते. तिला ऊसिस्ट म्हणतात. पॅसिफिकमधल्या ज्या बेटांवर मांजरं नव्हती, तिथल्या लोकांच्या रक्तात या लागणीची खूण जवळजवळ मिळत नव्हती. ही पाहणीही त्याच सुमाराची.

झालं, मांजर आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहिलं. गरोदर बाईने मांजर घरात ठेवू नये, हा सल्ला इथून फुटला आणि त्याच्याबरोबर एक शब्द रुजला. पुढची तीस वर्षं सगळा घोळ त्या शब्दाने घातला आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. तो शब्द म्हणजे 'मांजराशी संपर्क'.

वरवर सोपा वाटतो. लागण झालेल्या आणि न झालेल्या बायकांना पाहणीत विचारायचं: मांजराशी संपर्क आला का? आता 'हो' कोण म्हणेल बघा. जिच्या घरात मांजर आहे ती, जी शेजारच्या मांजराला येता-जाता कुरवाळते ती, आणि जी रोज मांजराचा लिटर ट्रे, म्हणजे त्याच्या शी-शूचा ट्रे, साफ करते तीही. आणि 'नाही' कोण म्हणेल? जिला मांजर डोळ्यांसमोर नको असतं, पण जी दर रविवारी बागेतली माती उकरते, त्या मातीत रात्री कुठलं मांजर येऊन गेलं हे तिला ठाऊक नसतं. परजीवीच्या दृष्टीने पहिल्या दोघी जवळपास सुरक्षित आहेत आणि चौथी धोक्यात आहे. एकाच शब्दाच्या पोटात चार वेगळ्या गोष्टी कोंबल्यावर त्यातून सरळ उत्तर येणार कसं?

कारण मांजर कुरवाळून ही लागण सहसा होत नाही. ज्या मांजराला लागण होते, ते बहुधा आयुष्यात एकदाच, तेही एक ते तीन आठवडे, ऊसिस्ट टाकतं. मात्र त्या दिवसांत लाखोंनी टाकतं. बाहेर पडल्या पडल्या हे ऊसिस्ट निरुपद्रवी असतात. हवा आणि ऊब मिळून ते 'पिकायला' एक ते पाच दिवस लागतात. मांजर स्वतःला दिवसभर चाटून स्वच्छ ठेवतं, त्यामुळे ते अंगावर राहून पिकण्याची शक्यता कमी. ट्रेचा विचार करा: रोज संध्याकाळी उचलला तर त्यातला माल पिकण्याआधीच पिशवीत गेलेला असतो. तीन दिवस तसाच राहिलेला ट्रे मात्र वेगळी गोष्ट आहे. ओलसर मातीत तर पिकलेले ऊसिस्ट वर्षभरही टिकतात. घरात बंद राहणारं, शिकार न करणारं, कच्चं मांस न खाणारं मांजर या साखळीत येतच नाही म्हटलं तरी चालेल.

2000 मध्ये युरोपातल्या सहा शहरांमधली मोठी पाहणी प्रसिद्ध झाली, 252 लागण झालेल्या गरोदर बायका आणि तुलनेसाठी 858. कच्च्या-अर्धकच्च्या मांसाकडे 30 ते 63 टक्के लागण जात होती, मातीकडे 6 ते 17 टक्के, आणि मांजराशी संपर्काचा संबंध दिसलाच नाही. मांजरप्रेमींनी 'मांजर निर्दोष' म्हणून हा निकाल मिरवला. तेही अर्धंच खरं. मातीत ते येतं कुणाकडून? मांजराकडूनच, फक्त आपल्याकडून नाही. 2009 मधल्या एका अमेरिकी पाहणीत तीन किंवा जास्त पिल्लं घरात असणं हा धोका म्हणून पुढे आला आणि वरच्या हिशेबात तो चपखल बसतो, कारण पहिली लागण बहुधा पिल्लांनाच होते. थोडक्यात, मांजर या रोगाचं उगमस्थान आहे हे खरं, आणि मांडीवरचं मांजर काढून टाकल्याने फारसं काही टळत नाही हेही खरं. सल्ला देणाऱ्यांना दोन्ही वाक्यं एका दमात म्हणणं जड गेलं. 'मांजर सोडून द्या' म्हणणं सोपं होतं. 'मांस नीट शिजवा' हे मात्र तेवढ्या जोरात कुणी सांगितलं नाही.

भर पडली ती चाचण्यांची. 1971 मध्ये गर्भाला बाधणाऱ्या काही लागणींची आद्याक्षरं जोडून 'टॉर्च' हे नाव तयार झालं आणि त्यातलं पहिलं अक्षर टॉक्सोप्लाझ्माचं. फ्रान्सने 1978 पासून सक्तीची तपासणी सुरू केली. अनेक देशांनी सरसकट तपासणी नको असं ठरवलं, आणि तो वाद अजून चालू आहे. अहवाल वाचण्यातली चूक मात्र सगळीकडे सारखीच. आयजीजी आणि आयजीएम ही लागणीनंतर रक्तात तयार होणारी दोन प्रकारची प्रतिपिंडं. आयजीजी पॉझिटिव्ह आणि आयजीएम निगेटिव्ह म्हणजे लागण जुनी, होऊन गेलेली. सुदृढ बाईच्या पुढच्या गर्भाला ते बहुधा संरक्षणच. आयजीएम पॉझिटिव्ह म्हणजे लागण ताजी, असंही नेहमीच नसतं. ते महिनोन्‌महिने, कधी वर्षावरही टिकतं. 1997 मध्ये अमेरिकेतल्या नियामकांनी या चाचण्यांच्या मर्यादांबद्दल जाहीर इशारा दिला, कारण एवढ्या एका आकड्यावर गर्भपाताचे निर्णय होऊ लागले होते. साप साप म्हणून भुई धोपटायची ती किती, याची ती हद्द होती.

बाळ जन्मल्यावर हे प्रकरण बहुतांशी संपतं. आईची पहिलीच लागण गरोदरपणात झाली तर ती वारेतून गर्भापर्यंत जाते, तिथेच खरी भीती. पाळण्यात पडलेलं बाळ माती खात नाही, ट्रेपर्यंत जात नाही. तरीही 'डॉक्टर नको म्हणाले होते' हे वाक्य बाळंतपणानंतरही घरात वावरत राहतं. नवजाताला मांजराकडून जे खरोखर होऊ शकतं ते जास्त साधं आहे: ओरखडा, चावा, आणि मांजराच्या लाळेतले जिवाणू. लहान बाळाला मांजराने चाटल्यानंतर मेंदूज्वर झाल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात आहेत, विरळ पण आहेत. ओरखड्यानंतर येणाऱ्या तापाचं वर्णन 1950 मध्ये झालं, त्यामागचा जिवाणू 1992 मध्ये पक्का झाला, आणि तो मांजरांत पसरवणाऱ्या पिसवा निघाल्या. तेव्हा पिसवांचं औषध आणि कापलेली नखं यांचा उपयोग मांजर घालवण्यापेक्षा जास्त होतो.

फुप्फुसांचं, म्हणजे ॲलर्जी आणि दम्याचं, प्रकरण सगळ्यांत ताजं आणि सगळ्यांत डळमळीत. 1989 मध्ये ब्रिटनमधल्या सतरा हजारांवर मुलांच्या आकडेवारीवरून एक तर्क मांडला गेला: लहानपणी जंतूंशी गाठ कमी पडल्याने ॲलर्जी वाढते. तोवर ॲलर्जी असलेल्या घरांना पाळीव प्राणी टाळा असंच सांगितलं जाई. 1999 मध्ये स्वीडनमधून आणि 2002 मध्ये डेट्रॉइटमधून उलट सूर निघाला: पहिल्या वर्षी घरात प्राणी असलेल्या मुलांना पुढे ॲलर्जी कमी आढळली. डेट्रॉइटच्या पाहणीत तर दोन किंवा अधिक कुत्री-मांजरी असलेल्या घरांतल्या मुलांमध्ये हा फरक दिसला. मथळे लगेच उलटे फिरले, मांजर आता औषध झालं. मग 2008 मध्ये कोपनहेगन आणि मँचेस्टर इथल्या बाळांच्या पाहणीने घडी विस्कटली. त्वचेचा अडसर कमकुवत करणारा एक विशिष्ट जनुकीय बदल ज्या बाळांत होता आणि जन्मापासून घरात मांजर होतं, त्यांना पहिल्या वर्षात इसब फार जास्त झालं. कुत्र्याच्या बाबतीत तसं दिसलं नाही. आणि 2017 मध्ये कोपनहेगनमधूनच वेगळ्या एका जनुकाच्या बाबतीत मांजर दम्यापासून वाचवतं असं आढळलं. म्हणजे बाळागणिक उत्तर बदलतं. ॲलर्जी व्हावी म्हणून कुणी मांजर ठेवत नाही. होऊ नये म्हणून मांजर आणावं, असं म्हणायलाही हा पुरावा पुरत नाही.

रांगायला लागल्यावर हिशेब पुन्हा बदलतो. सात-आठ महिन्यांचं मूल जमिनीवर जे दिसेल ते तोंडात घालतं, आणि लिटर ट्रे नेमका त्याच्या उंचीला असतो. जन्माच्या वेळी ज्या ट्रेची काळजी उगीचच केलेली असते, त्याच ट्रेची या वयात खरी काळजी घ्यावी लागते; आणि बागेतला वाळूचा खड्डा रात्री झाकून ठेवावा लागतो तोही याच कारणाने, घरात मांजर असो वा नसो.