रोमानियाच्या तरुण क्वार्टेटला परदेशात वाजवायचं असेल तर: पात्रता, अर्ज आणि कागदपत्रं

क्लुज-नापोकाच्या जॉर्जे दिमा संगीत अकादमीत २००६ साली चार विद्यार्थ्यांनी आर्केडिया क्वार्टेट, म्हणजे दोन व्हायोलिन, व्हिओला आणि चेलो अशी चौकडी, सुरू केलं. पुढे त्यांनी २००९ साली हॅम्बुर्गची, २०१२ साली लंडनच्या विगमोर हॉलची आणि २०१४ साली ओसाकाची स्पर्धा जिंकली. २०१२ साली लंडनला जायला रोमानियन माणसाला घरचं ओळखपत्र पुरत होतं. आज त्याच अकादमीतून निघणाऱ्या नव्या क्वार्टेटला लंडनसाठी पासपोर्ट लागतो, आधी ऑनलाइन परवानगी घ्यावी लागते, आणि मानधन घेणार असतील तर त्याचे वेगळे नियम पाळावे लागतात. चेंबर म्युझिकमध्ये, म्हणजे मोजक्या वादकांच्या छोट्या मैफलींत, एजंट आणि ट्रॅव्हल मॅनेजर बाळगण्याइतके पैसे क्वचितच असतात, त्यामुळे ही सगळी कारकुनी बहुतेक वेळा दुसऱ्या व्हायोलिनवाल्याच्या गळ्यात पडते. ही माहिती त्याच्यासाठी, आणि परदेशात अशा मैफली भरवणाऱ्या मराठी मंडळींसाठीही.

पहिला प्रश्न पैशाचा

व्हिसा लागतो का, हे सगळे आधी विचारतात. खरं तर मानधन आहे का, ते कोण देणार आणि कोणाच्या नावावर जमा होणार, हे आधी ठरवावं. पुढचे जवळजवळ सगळे अर्ज त्यावर अवलंबून असतात.

प्रवासखर्चासाठी बहुतेकांचं पहिलं दार रोमानियन कल्चरल इन्स्टिट्यूटचं, म्हणजे आयसीआर या सरकारी संस्थेचं. लंडन, बर्लिन, पॅरिस, व्हिएन्ना, न्यूयॉर्क अशा शहरांत त्यांच्या शाखा आहेत. लंडन शाखेची रोमानियन संगीतकार एनेस्कूच्या नावाची चेंबर मैफलींची मालिका तर तरुण वादकांना चांगली ओळखीची. इथे शाखेला थेट प्रस्ताव पाठवता येतो: कार्यक्रमाचा मसुदा, ताजं रेकॉर्डिंग, प्रत्येकाचा अर्ध्या पानाचा परिचय आणि खर्चाचा तक्ता. वर्षाचा आराखडा आधी ठरतो, म्हणून मेमधल्या मैफलीसाठी मार्चमध्ये पत्र पाठवणं म्हणजे वरातीमागून घोडं. परदेशातल्या प्रकल्पांसाठी आयसीआरचा कांतेमीर नावाचा अनुदान कार्यक्रमही आहे, पण तो दरवर्षी निघेलच असं धरून चालू नये.

राष्ट्रीय सांस्कृतिक निधी प्रशासन, म्हणजे एएफसीएन, स्पर्धात्मक पद्धतीनं अनुदान देतं. त्यासाठी नोंदणी असलेली संस्था किंवा कायदेशीर स्वयंरोजगार लागतो. चार मित्रांनी मिळून नुसतं नाव ठेवलेलं क्वार्टेट कागदावर कोणीच नसतं. म्हणून बरीच क्वार्टेट्स एक छोटी असोसिएशन नोंदवतात, किंवा चौघांपैकी एक जण स्वतंत्र व्यावसायिक म्हणून नोंदणी करतो. रोमानियात त्याला पीएफए म्हणतात. विद्यार्थ्यांसाठी इरॅस्मस प्लस आहे, पण त्यात ठरावीक काळ शिकायला किंवा प्रशिक्षणाला जावं लागतं, एका संध्याकाळच्या मैफलीचं तिकीट त्यातून निघत नाही. सोनोरो महोत्सवाची ‘इंटरफेरेंत्से’ शिष्यवृत्ती मात्र खास चेंबर म्युझिकसाठी आहे. त्यात तरुणांना नावाजलेल्या वादकांच्या शेजारी बसून वाजवायला मिळतं. माझ्या मते तरुण वादकानं अनुदानाच्या मागे लागण्याआधी हा अर्ज भरावा.

युरोपीय संघाच्या आत: व्हिसा नाही, कागद आहेतच

रोमानिया २००७ साली युरोपीय संघात आला. मार्च २०२४ मध्ये हवाई आणि सागरी सीमांवर, तर १ जानेवारी २०२५ पासून जमिनीवरच्या सीमांवरही शेंगेनमध्ये, म्हणजे आपसांत सीमा-तपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटात, सामील झाला. म्युनिक किंवा व्हिएन्नाला वाजवायला रोमानियन नागरिकाला व्हिसा लागत नाही, कामाचा परवानाही नाही. पुण्याहून निघालेल्या वादकाला या दोन्हीसाठी किती खेटे घालावे लागतात ते आपल्याला ठाऊक आहे, त्यामुळे हेवा वाटावा अशीच ही गोष्ट. पण दोन कागद विसरू नयेत.

एक, ए-वन प्रमाणपत्र. या माणसाचा सामाजिक विमा रोमानियातच भरला जातो, असं ते सांगतं. ते नसेल तर जिथे मैफल, त्या देशात वर्गणी मागितली जाऊ शकते. रोमानियात ते राष्ट्रीय सार्वजनिक पेन्शन संस्था देते, आणि अर्ज निघण्यापूर्वी करायचा असतो. स्वयंरोजगार असलेल्यानं आपण मायदेशात हाच व्यवसाय खरोखर करतो हे दाखवावं लागतं. तात्पुरत्या कामासाठी याची कमाल मुदत २४ महिने आहे. स्वित्झर्लंडमध्ये आणि ब्रिटनमध्येही ते चालतं. सोबत युरोपीय आरोग्य विमा कार्ड असावं.

दोन, करनिवासाचा दाखला. तो रोमानियाच्या कर खात्याकडून, म्हणजे एएनएएफकडून मिळतो. कलाकारांच्या बाबतीत बहुतेक दुहेरी-कर करारांचा नियम असा, की जिथे वाजवलं त्या देशालाही कर लावता येतो, मुक्काम एका रात्रीचा असला तरी. जर्मनीत आयोजक परदेशी कलाकाराच्या मानधनातून १५ टक्के आणि त्यावर साडेपाच टक्के अधिभार, मिळून १५.८२५ टक्के कापतो, आपल्या टीडीएससारखे. एका मैफलीचं माणशी मानधन २५० युरोपर्यंत असेल तर कपात शून्य. मात्र ही सूट नाही, उंबरठा आहे. चौघांच्या क्वार्टेटला १००० युरो मिळाले तर काही कापलं जात नाही. १२०० मिळाले तर माणशी ३०० होतात, कर पूर्ण रकमेवर बसतो आणि १८९ युरो ९० सेंट जातात, हाती उरतात १०१० युरो १० सेंट. म्हणजे दोनशे युरो वाढवून घेतले आणि पदरात जेमतेम दहा पडले. प्रत्यक्ष प्रवास आणि मुक्कामाचा खर्च आयोजकानं बिलांवर परत केला तर तो या हिशोबात येत नाही, म्हणून करारात मानधन आणि खर्च वेगवेगळे लिहून घ्यावेत. दौरा मुख्यतः सार्वजनिक पैशातून होत असेल तर अनेक करारांत करमाफीचं कलम असतं, पण ती आपोआप लागू होत नाही. जर्मनीच्या केंद्रीय कर कार्यालयाकडून त्याचं प्रमाणपत्र मिळवावं लागतं.

चौघांतला एक जण सतरा वर्षांचा असेल तर

संगीत माध्यमिक शाळांमधली मुलं पंधरा-सोळाव्या वर्षीच उत्तम वाजवतात, त्यामुळे ही अडचण नेहमीची. रोमानियाच्या २००५ सालच्या २४८ क्रमांकाच्या कायद्यानुसार आईवडिलांशिवाय देशाबाहेर जाणाऱ्या अल्पवयीन मुलासाठी दोन्ही पालकांचं नोटरी केलेलं संमतिपत्र लागतं. त्यात सोबतची सज्ञान व्यक्ती, देश, प्रवासाचं कारण आणि काळ लिहिलेला असतो. पालकांपैकी कोणी हयात नसेल किंवा ताबा एकाकडेच असेल तर त्याचे कागद जोडायचे. शेंगेनमध्ये सीमेवर रोज तपासणी होत नाही, म्हणून काही जण हे टाळतात. विमानतळावर विचारणा झाली तर उरलेले तिघे उडतात आणि व्हिओला मागे राहतो.

ब्रिटन

ऑक्टोबर २०२१ पासून रोमानियन ओळखपत्र चालत नाही, पासपोर्टच लागतो. एप्रिल २०२५ पासून ईटीए ही ऑनलाइन प्रवास-परवानगीही लागते. ती दोन वर्षं किंवा पासपोर्ट संपेपर्यंत चालते. पुढे तीन वाटा आहेत.

मानधन नसेल तर साधा पाहुणा म्हणून येऊन वाजवता येतं, स्पर्धेत किंवा ऑडिशनमध्ये भाग घेता येतो. सतरा वर्षांच्या वादकासाठी सहसा हीच वाट.

मानधन असेल आणि काम थोडक्यात आटपणार असेल तर ‘परमिटेड पेड एंगेजमेंट’. यासाठी वय १८ पूर्ण हवं, निमंत्रण ब्रिटनमधल्या संस्थेचं हवं, काम प्रवासाआधीच ठरलेलं हवं आणि पोहोचल्यापासून ३० दिवसांत उरकायला हवं. सोबत ठेवायचं ते निमंत्रणपत्र आणि आपण व्यावसायिक वादक असल्याचे पुरावे: जुन्या मैफलींची पत्रकं, परीक्षणं, अकादमीचा दाखला.

दौरा लांबणार असेल तर परवानाधारक आयोजकाकडून ‘सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप’ घेऊन क्रिएटिव्ह वर्कर म्हणून तीन महिन्यांपर्यंत व्हिसाशिवाय राहता येतं. इथे एक खाच आहे. या सवलतीत येणाऱ्यानं विमानतळावरच्या स्वयंचलित फाटकातून जायचं नाही, अधिकाऱ्यासमोर उभं राहून शिक्का घ्यायचा. रांग लहान दिसली म्हणून फाटकातून गेलात तर तुम्ही साधे पाहुणे ठरता आणि ठरलेलं काम करता येत नाही.

कराचं म्हणाल तर वर्षभराचं ब्रिटनमधलं मानधन वैयक्तिक करमुक्त मर्यादेच्या, म्हणजे १२,५७० पौंडांच्या आत असेल तर आयोजक २० टक्क्यांची कपात करत नाही. तरुण चेंबर वादकाला ही मर्यादा ओलांडायची काळजी सहसा नसते.

अमेरिका

जानेवारी २०२५ मध्ये रोमानियाला अमेरिकेच्या व्हिसामाफी योजनेत घेतलं आणि मे महिन्यात ते रद्दही झालं. तसंही त्या योजनेवर पैसे घेऊन वाजवता आलं नसतंच. व्यावसायिक समूहासाठी पी-वन व्हिसा असतो. त्यासाठी आधी अमेरिकेतला आयोजक किंवा एजंट आय-१२९ अर्ज करतो, वादक-संघटनेचं मत जोडतो, आणि मंजुरीनंतर वादक बुखारेस्टच्या दूतावासात मुलाखतीला जातात. समूहाची आंतरराष्ट्रीय ओळख सिद्ध करावी लागते, आणि ७५ टक्के सदस्य किमान वर्षभर समूहात असावे लागतात. क्वार्टेटमध्ये म्हणजे चौघांपैकी तिघे. गेल्या सहा महिन्यांत दोन जण बदलले असतील तर हा रस्ता बंद.

तरुणांना बहुधा दुसरी सोय उपयोगी पडते. स्वतःच्या सरकारनं पाठवलेल्या सांस्कृतिक कार्यक्रमात, तिकीट नसलेल्या श्रोत्यांसमोर, सगळा खर्च स्वदेशाच्या सरकारकडून होत असेल तर बी-वन व्हिसावर वाजवता येतं. बक्षीस आणि खर्चापलीकडे काही न देणाऱ्या स्पर्धेलाही हाच व्हिसा चालतो. आयसीआरच्या पैशातून होणारी विनामूल्य मैफल पहिल्या व्याख्येत बसू शकते. पण दारावर दहा डॉलरचं तिकीट लावलं की बसत नाही.

वाद्यांचे कागद

जुन्या गजाच्या टोकाला नखाएवढी पांढरी चकती असते. ती हाडाची असेल तर प्रश्न नाही, हस्तिदंताची असेल तर गज साइट्स करारात, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात, सापडतो. युरोपीय संघाबाहेर जाताना त्यासाठी वाद्य-प्रमाणपत्र लागतं, ते तीन वर्षं चालतं. ते मिळवताना हस्तिदंत २६ फेब्रुवारी १९७६ पूर्वीचा असल्याचं दाखवावं लागतं. त्यासाठी वाद्य दुरुस्त करणाऱ्या कारागिराचा लेखी अहवाल आणि जवळून काढलेले फोटो उपयोगी पडतात. प्रमाणपत्रावर प्रत्येक वेळी ठरवून दिलेल्या बंदरावर किंवा विमानतळावरच शिक्के मिळतात, म्हणून तिकीट काढण्याआधी ते पाहावं. चकती बदलून घेणं या सगळ्यापेक्षा स्वस्त पडतं, आणि गज फार मोलाचा नसेल तर मी तेच सुचवेन. तयार वाद्यातल्या शिसवीसाठी मात्र, ब्राझिलियन शिसवी सोडली तर, २०१९ पासून असा कागद लागत नाही.

वादक वाद्य स्वतःच्या हातात घेऊन ब्रिटनला जात असेल तर एटीए कार्ने, म्हणजे सामान तात्पुरतं नेऊन परत आणण्याचा सीमाशुल्काचा कागद, लागत नाही. सामान ट्रकनं किंवा मालवाहू विमानानं पुढे जाणार असेल तर कार्ने काढावा.

वाद्य उसनं असेल तर मालकाचं पत्र आणि विमा. ते राष्ट्रीय वारशात मोडत असेल तर २००० सालच्या १८२ क्रमांकाच्या कायद्याखाली तात्पुरत्या निर्यातीचं प्रमाणपत्रही लागतं. व्हायोलिनवादक अलेक्झांद्रू तोमेस्कू वाजवतात ते १७०२ सालचं ‘एल्डर-वोइकू’ स्ट्रॅडिव्हेरियस व्हायोलिन सरकारी मालकीचं आहे. असं वाद्य हाती आलं तर अर्जही सरकारी गतीनेच हलणार, हे धरून चालावं.

चेलोला ईटीए लागत नाही, तिकीट मात्र लागतं. सीट विमान कंपनीला फोन करूनच घ्यावी, संकेतस्थळावर दुसरा प्रवासी म्हणून नाही. खिडकीजवळची जागा, आपत्कालीन दाराची रांग टाळून, आणि पट्ट्याला जोडपट्टा आधीच मागून ठेवलेला. चेलो आहे हे आरक्षणात नोंदवल्याचा ईमेल छापून जवळ ठेवावा.

आयोजकानं निमंत्रणपत्रात काय लिहावं

चौघांची पासपोर्टवर आहेत तशीच नावं आणि जन्मतारखा. मैफलीची तारीख, सभागृहाचा पूर्ण पत्ता, सरावाचे दिवस. मानधनाची रक्कम, किंवा मानधन नाही हे स्पष्ट शब्दांत. प्रवास आणि मुक्काम कोणाकडे. तिकीट आहे की प्रवेश विनामूल्य. वाजवायच्या रचनांची यादीही जोडावी, कारण सभागृह ती हक्कशुल्क गोळा करणाऱ्या संस्थेला कळवतं. एनेस्कूच्या रचना युरोपीय संघात त्याच्या मृत्यूला ७० वर्षं झाल्यामुळे १ जानेवारी २०२६ पासून मुक्त झाल्या, पण आजच्या रोमानियन संगीतकाराची नवी चौकडी वाजवणार असतील तर ते शुल्क कोण भरणार हेही त्याच पत्रात लिहावं. सही करणाऱ्याचं पद आणि फोन नंबर असावा, आणि तो फोन मैफलीच्या आठवड्यात उचलला जावा.